वीज पोलादातून जाते तेव्हा

बागलाणच्या मुरमाड जमिनीत चालणाऱ्या नांगराचा दांडा एकदा वेल्डिंग करून जोडला आणि तो पुन्हा तुटला, तर बहुतेक वेळा तो जोडावर तुटत नाही. जोड जसाच्या तसा राहतो. त्याच्या काठापासून दोन-चार मिलिमीटरवर, जिथे वेल्डरचा रॉड टेकलाही नव्हता, तिथून पोलाद काटकन मोडते. शेतकऱ्याला वाटते, वेल्डिंग कच्चे झाले. वेल्डर जोड दाखवतो आणि म्हणतो, माल खराब होता. दोघेही खोटे बोलत नसतात. खरे कारण दोघांनाही दिसत नाही, कारण ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या आकारात घडलेले असते.

सटाणा हे आरम नदीकाठचे बाजारपेठेचे गाव, नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्याचे ठाणे. कांदा, डाळिंब आणि राज्यात सर्वांच्या आधी बाजारात उतरणारी ‘अर्ली’ द्राक्षे ही इथली ओळख. या तिन्ही पिकांच्या मागे लोखंड उभे आहे. द्राक्षबागेचे अँगल, कांदाचाळीचा सांगाडा, ट्रॅक्टरची ट्रॉली, पलटी नांगर, कल्टिव्हेटरचे फण, रोटाव्हेटरची पाती, फवारणीच्या ब्लोअरची चौकट यांतले बरेचसे गावातच कापले जाते, जोडले जाते, दुरुस्त होते. सटाण्याहून ताहाराबादकडे, नामपूरकडे किंवा देवळ्याकडे निघाले, की रस्त्याकडेला निळसर-पांढरा ठिणग्यांचा उजेड दिसत राहतो. विजेने पोलादाची आतली घडण बदलण्याचे काम तिथे रोज चालते. हे काम करणाऱ्यांना त्याचे शास्त्र कुणी नीट सांगितलेले नाही, आणि त्याची किंमत दर हंगामात शेतकरी मोजतो. ते शास्त्र सांगण्यासाठी हा लेख आहे.

पोलादाच्या आत काय असते

पोलाद बाहेरून एकसंध दिसते. त्याचा तुकडा कापून, पॉलिश पेपरवर आरशासारखा घासून, त्यावर अल्कोहोलमध्ये मिसळलेले सौम्य नायट्रिक आम्ल काही सेकंद फिरवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले, की एक वेगळाच प्रदेश समोर येतो. असंख्य कण एकमेकांना चिकटून बसलेले असतात. प्रत्येक कण हा एक स्फटिक असतो. त्यातले अणू ओळीने लागलेले असतात, पण शेजारच्या कणातल्या ओळींची दिशा निराळी असते. दोन कणांमधल्या सीमारेषा आम्लाने अधिक झिजतात, म्हणून त्या काळ्या दिसतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी १८६३-६४च्या सुमारास पोलादाकडे असे पाहायला सुरुवात केली आणि धातुशास्त्राला डोळे मिळाले.

सटाण्याच्या बाजारात मिळणाऱ्या साध्या अँगल-पट्टीच्या पोलादात कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो. त्यात मऊ लोहाचे फिकट कण अधिक आणि कार्बनयुक्त पट्ट्यापट्ट्यांचे गडद कण थोडे. असे पोलाद वाकते, ताणले जाते, सहसा मोडत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात मात्र कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो. गावोगावी जुन्या कमानपाट्यांचे फाळ आणि फण बनवतात, कारण ते लवकर झिजत नाहीत. वेल्डिंगच्या वेळी सगळ्यात जास्त दगा देणारा मालही हाच.

कणांच्या आतही सगळे सुरळीत नसते. अणूंच्या ओळींत जागोजागी चुका असतात. एखादी ओळ मध्येच संपते आणि त्या ठिकाणी जाळी थोडी विस्कटते. धातू वाकतो तो या चुका सरकल्यामुळे. मोठी सतरंजी अख्खी ओढायला दोन माणसे लागतात, पण तिला एका टोकाला सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे ढकलत नेली तर एकटा माणूसही ती हळूहळू सरकवतो. धातूतली चूक तशीच एकेक अणू ओलांडत पुढे जाते. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे हा विचार मांडला. या चुका सहज सरकल्या तर धातू मऊ. त्यांच्या वाटेत अडथळे आले तर कठीण. आणि त्यांना हलताच आले नाही तर ठिसूळ. पोलादावरचा प्रत्येक संस्कार, मग तो लोहाराचा असो की कारखान्याचा, शेवटी या चुकांच्या वाटा मोकळ्या करतो किंवा अडवतो.

जोडाशेजारी काय घडते

आता तुटलेल्या दांड्याकडे परत पाहू. सव्वातीन मिलिमीटरच्या रॉडने वेल्डिंग करताना साधारण शंभर ते सव्वाशे अँपिअर प्रवाह आणि वीस ते तीस व्होल्ट दाब असतो. म्हणजे अडीच-तीन किलोवॅटची उष्णता एका बोटभर जागेत ओतली जाते. ठिणगीचे तापमान पाच-सहा हजार अंशांपर्यंत जाते. रॉड आणि काठ वितळून एक होतात. त्याच्या लगतचा पट्टा वितळत नाही, पण ७२७ अंशांच्या वर जातो. त्या तापमानाला पोलादातल्या अणूंची मांडणीच बदलते आणि आधी वेगळा बसलेला कार्बन लोहात विरघळून जातो. जोडाच्या अगदी कडेला तापमान आणखी जास्त असल्याने तिथले कण फुगून मोठे होतात.

ठिणगी पुढे सरकते. मागे राहिलेल्या या अरुंद तप्त पट्ट्याला दोन्ही बाजूंचे जाड, थंड पोलाद त्याची उष्णता शोषून घेऊन काही सेकंदांत गार करते. हे गार होणे एक प्रकारे पाण्यात बुडवण्याइतकेच झपाट्याचे असते. साध्या पट्टीत कार्बन कमी असल्यामुळे तिचे फारसे बिघडत नाही. कमानपाट्यात मात्र विरघळलेल्या कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अणूंच्या जाळीत अडकतो, जाळी ताणली जाते, आणि सुयांसारख्या आकाराची एक अतिशय कठीण घडण तयार होते. जर्मन धातुतज्ज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून तिला मार्टेन्साइट म्हणतात. धार टिकवायला ही घडण उत्तम, पण धक्का सोसायला निरुपयोगी. दांडा खडकावर आपटला की हाच पट्टा तडकतो, आणि जोड शाबूत राहतो.

यात भर पडते ती ओलाव्याची. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या रॉडच्या आवरणात पाणी मुरते. ठिणगीत त्यातून हायड्रोजन सुटतो, वितळलेल्या धातूत शिरतो, आणि गार झाल्यावर त्या ठिसूळ पट्ट्यात जमा होतो. मग वेल्डिंगनंतर लगेच काही दिसत नाही. एक-दोन दिवसांनी, कधी काम सुरू होण्याआधीच, बारीक तडा जातो. जुन्या अनुभवी वेल्डरांना हे ठाऊक असते, म्हणून ते रॉड उन्हात ठेवतात. पण कमी हायड्रोजनचे जे रॉड खास अशा कामासाठी बनतात, त्यांना ऊन पुरत नाही. ते अडीचशे-तीनशे अंशांच्या भट्टीत तास-दोन तास भाजावे लागतात.

उपाय अवघड नाही. कमानपाट्याचा किंवा फाळाचा जोड मारण्याआधी त्याची दोन्ही बाजूंची चार बोटे अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत गॅसने तापवावी. रॉड कोरडे, कमी हायड्रोजनचे घ्यावेत. जोड झाल्यावर वाऱ्यात किंवा पाण्यात न टाकता कोरड्या राखेत, वाळूत किंवा चुन्यात पुरून ठेवावा, म्हणजे तो तासन्‌तास सावकाश गार होतो आणि अडकलेल्या कार्बनला सुटायला वेळ मिळतो. जोड थंड झाल्यावर शेजारच्या पट्ट्यावर कानस फिरवून पाहावी. कानस घसरली, धातूला लागलीच नाही, तर तिथे ठिसूळ घडण तयार झाली आहे. तो जोड पुन्हा तापवून सावकाश गार केल्याशिवाय शेतात पाठवू नये. या परीक्षेला कानशीखेरीज काही लागत नाही.

लोहाराचे ज्ञान आणि कारखान्याची वीज

ही जाण आपल्याकडे नव्हती असे नाही. फाळ शेवटून देणारा लोहार टोक तांबडे लाल करून ठोके, पाण्यात टाके, मग पुन्हा थोडा ताव देऊन रंग उतरताना पाही. पिवळसर, तपकिरी, जांभळट अशा रंगांवरून किती कडकपणा राखायचा हे तो ठरवी. ते रंग म्हणजे पोलादावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थराचे रंग, आणि त्यांवरून तापमानाचा अंदाज खरोखरच बांधता येतो. ताव आणि पाणी यांची ही सांगड पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती आणि नांगराला गिऱ्हाईक मिळायला बराच काळ गेला. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि हळूहळू लोखंड मराठी शेतात स्थिरावले. भट्टी आणि ऐरण असलेला लोहार त्या नांगराला समजून घेऊ शकत होता. वेल्डिंग मशीन आल्यावर काम दसपट जलद झाले, पण ताव आणि पाणी यांचे भान मशीनबरोबर आले नाही.

कारखान्यांत मात्र ते भान मोजमापासह आले. नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात किंवा पुण्याच्या परिसरात दातेरी चक्रे, शाफ्ट, पिना यांना इंडक्शनने कडक करतात. तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडतात. वेटोळ्यात ठेवलेल्या शाफ्टला हात न लावता त्याच्या आत प्रवाह उमटतो आणि शाफ्ट स्वतःच तापतो. १८३१ साली फॅरेडेने दाखवलेले तत्त्व ते हेच. वारंवारता जितकी जास्त, तितका प्रवाह पृष्ठभागाला चिकटून वाहतो. लाल तापलेल्या पोलादात आपल्या घरातल्या ५० हर्ट्‌झचा प्रवाह सुमारे ७५ मिलिमीटर खोल जातो, १० किलोहर्ट्‌झचा सुमारे पाच मिलिमीटर, तर २०० किलोहर्ट्‌झचा जेमतेम सव्वा मिलिमीटर. त्यामुळे कातडे कडक करायचे आणि गाभा चिवट ठेवायचा, हे एका बटणाने साधते. मार्टेन्साइट इथेही तयार होतो. पण इथे तो हवा तिथेच, हवा तेवढाच बनवतात आणि नंतर पुन्हा थोडे तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवतात. सटाण्याच्या जोडाशेजारी जे अपघाताने घडते, तेच नाशिकला हेतूने घडवले जाते. रोटाव्हेटरच्या चांगल्या पात्याची धार कठीण आणि बोल्ट बसणारा भाग चिवट असतो, तो याच विचारातून.

मोटारीच्या सांगाड्यात तर हजारो ठिकाणी पत्र्यावर पत्रा ठेवून तांब्याच्या दोन टोकांमधून आठ-दहा हजार अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या पाचव्या भागापुरता सोडतात. पत्रे मधोमध वितळतात, गोठतात, आणि नाण्याएवढाही नसलेला एक दाणा तयार होतो. त्या दाण्यात कण कडेकडून मध्याकडे खांबांसारखे वाढतात, हे कापून पाहिल्यावर स्वच्छ दिसते. टिग आणि मिग वेल्डिंगमध्ये प्रवाह एकसारखा न ठेवता ठोक्याठोक्याने सोडला तर वितळलेला धातू ढवळला जातो, लांबच लांब वाढणारे स्फटिक मोडतात आणि जोडातले कण बारीक होतात. बारीक कणांचा धातू एकाच वेळी बळकट आणि चिवट असतो. इन्व्हर्टर मशीन आता तालुक्याच्या गावीही पोचली आहेत, तेव्हा ही सोय फार दूरची राहिलेली नाही.

उष्णतेपलीकडचा धक्का

आतापर्यंत सांगितलेले सगळे विजेच्या उष्णतेचे काम. पण वीज म्हणजे केवळ उष्णता नाही. ती वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांची रांग आहे, आणि वाहताना ते अणूंवर आदळतात. घरातल्या तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉनांची सरासरी पुढे जाण्याची गती सेकंदाला मिलिमीटरभरही नसते, म्हणून हा धक्का जाणवत नाही. प्रवाह प्रचंड दाट केला तर मात्र अणूंना तो जाणवतो. शास्त्रज्ञ त्याला इलेक्ट्रॉनांचा वारा म्हणतात.

या वाऱ्याचा पहिला मोठा फटका बसला तो इलेक्ट्रॉनिक्सला. १९६०च्या दशकात चिपमधल्या अॅल्युमिनियमच्या केसापेक्षाही बारीक रेघा काही काळ काम करून आपोआप तुटू लागल्या. इलेक्ट्रॉनांच्या वाऱ्याने अणू एका टोकाकडून दुसरीकडे वाहून जात होते. मागे पोकळी, पुढे ढीग. मोटोरोलाच्या जेम्स ब्लॅक यांनी १९६९ साली त्याचे सूत्र दिले : प्रवाहाची घनता दुप्पट झाली तर आयुष्य साधारण चौथाईवर येते. पुढे १९९७ साली आयबीएमने चिपमध्ये अॅल्युमिनियमऐवजी तांबे आणले, त्यामागे हेही एक कारण होते. खिशातल्या फोनमधल्या प्रत्येक चिपची रचना आज या वाऱ्याचा हिशेब धरून होते.

त्याच सुमारास मॉस्कोत उलट बाजूने शोध चालला होता. ओ. ए. त्रोईत्स्की आणि व्ही. आय. लिख्तमन यांनी १९६३ साली पाहिले, की जस्ताच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉनांचा मारा करत ताण दिला तर तो अधिक सहज वाकतो. नंतर त्रोईत्स्कींनी प्रवाहाचे अतिशय छोटे, अतिशय तीव्र ठोके वापरले आणि तोच परिणाम मिळवला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात हान्स कॉनराड यांनी १९८०च्या दशकात अनेक धातूंवर असे प्रयोग केले. या ठोक्यांनी धातूतल्या चुका अधिक सहज सरकतात आणि नवे बारीक कण जुन्या विस्कटलेल्या कणांची जागा अधिक लवकर घेतात, असे दिसत गेले.

त्यावर आक्षेप आला, तो योग्यच होता. हा सगळा नेहमीच्या उष्णतेचाच खेळ कशावरून नाही? एक हिशेब करून पाहू. दहा मिलिमीटर जाडीचा, दहा सेंटिमीटर लांबीचा पोलादी गज घ्या. प्रयोगांत वापरतात तशी चौरस मिलिमीटरला एक हजार अँपिअरची घनता हवी, तर त्यातून सुमारे ७८ हजार अँपिअर सोडावे लागतील. वेल्डिंग मशीनच्या पाचशेपटीहून जास्त! हा प्रवाह एक सेकंद टिकला तर गजाची वाफ होईल. पण तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरताच सोडला तर गज जेमतेम पाच अंशांनी तापतो. इतक्या क्षुल्लक तापण्याने जे घडू नये ते घडले, तर वाऱ्याला काही श्रेय द्यावे लागते. तरीही काही संशोधक सांगतात, की गजाचे सरासरी तापमान पाच अंशांनी वाढले तरी चुकांच्या आणि कणसीमांच्या जवळ प्रवाहाला अडथळा जास्त असतो, तिथे स्थानिक उष्णता बरीच अधिक असू शकते. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि धातूनुसार उत्तर बदलते असेही दिसते.

बर्कली येथील अँड्र्यू मायनर यांच्या गटाने २०२१ साली यात महत्त्वाची भर घातली. टायटॅनियममध्ये सात टक्के अॅल्युमिनियम असलेल्या मिश्रधातूला त्यांनी ताण दिला : एकदा प्रवाहाशिवाय, एकदा सततच्या प्रवाहात, आणि एकदा ठोक्याठोक्याने. एरवी या धातूतल्या चुका ठरावीक पातळ्यांतच गर्दी करतात आणि तिथूनच तडा जातो. ठोक्यांनी ती गर्दी पांगली, चुका सगळीकडे विखुरल्या, आणि धातू तुटण्याआधी अधिक ताणला गेला. सतत प्रवाहाने तसे झाले नाही. जिल्ह्यातल्या ओझरला बांधल्या गेलेल्या सुखोई-३० विमानांत टायटॅनियमचा वापर मोलाचा आहे. तेव्हा हे संशोधन नाशिक जिल्ह्यालाही परके नाही.

शेतीच्या दृष्टीने मला सर्वांत आशादायक वाटते ती तड्याची गोष्ट. चीनमधल्या संशोधकांनी २०००नंतरच्या काळात पोलादातल्या सूक्ष्म तड्यांवर प्रवाहाचे ठोके देऊन पाहिले. तडा म्हणजे पोकळी. प्रवाह तिच्यातून जाऊ शकत नाही, म्हणून तो वळसा घालून तड्याच्या टोकाशी दाटतो. नेमका तिथेच धातू तापतो, फुगू पाहतो, पण भोवतीचे थंड पोलाद त्याला जागा देत नाही. त्यामुळे तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींकडे दाबल्या जातात आणि तडा काही अंशी मिटतो. दुरुस्त करायची जागा वीज स्वतः शोधते, बाकीच्या धातूला जवळजवळ न तापवता. हे अजून प्रयोगशाळेतच आहे आणि हजारो अँपिअरची साधने गावात लगेच येणार नाहीत, हे खरे. पण तत्त्व कळले, तर रोजच्या जोडाचेही भले होते : प्रवाह कुठे दाटेल, उष्णता कुठे साचेल, गारवा कुठून येईल, याचा विचार करून काम करता येते.

तालुक्याला काय हवे

आयटीआयमधला वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. मुले हात बसवतात, सरळ बीड काढतात, परीक्षा देतात. त्यांच्या हाताला मी नावे ठेवणार नाही. भर उन्हात ट्रॉलीखाली आडवे पडून वर जोड मारणे हे कौशल्याचे काम आहे. पण आपण मारलेला जोड आतून कसा दिसतो, हे त्यांतल्या फार थोड्यांनी पाहिलेले असते. त्यासाठी लागते काय? एक कापणी यंत्र, पॉलिशचे कागद, सौम्य आम्ल आणि धातू पाहण्याचा एक सूक्ष्मदर्शक. कठीणपणा मोजण्याचे साधे यंत्र मिळाले तर आणखी उत्तम. मुलाने एका कमानपाट्यावर थेट जोड मारावा, दुसऱ्यावर आधी तापवून आणि नंतर राखेत गार करून. दोन्ही कापावेत, घासावेत, पाहावेत. एकात सुयांची दाट काळी घडण, दुसऱ्यात सावरलेले कण. हे त्याने एकदा स्वतः पाहिले, की रॉड का भाजायचा आणि जोड पाण्यात का टाकायचा नाही, हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

कृषी महाविद्यालये, अभियांत्रिकी महाविद्यालये, कृषी विज्ञान केंद्रे आणि नाशिकचे कारखाने यांनी मनावर घेतले, तर प्रत्येक तालुक्यात असे तपासणीचे एक टेबल उभे राहू शकते. तुटलेला फण घेऊन शेतकऱ्याने तिथे यावे, तुटलेली जागा पाहून त्याला सांगितले जावे, की माल चुकीचा होता, की गारवा, की ओला रॉड. मग दोष कुणाच्या माथी मारण्याची गरजच उरणार नाही. पुढचा जोड कसा मारायचा एवढेच ठरेल. रब्बीच्या तोंडावर नांगर दोन दिवस बंद राहिला तर त्याचा फटका कांद्याच्या लागवडीला बसतो, मजुरीला बसतो, कर्जाच्या हप्त्याला बसतो. जगभरच्या प्रयोगशाळा इलेक्ट्रॉनांच्या वाऱ्याचा हिशेब मांडत आहेत, तो मांडलाच पाहिजे. त्याच वेळी आपल्या गावातल्या वेल्डरला त्याच्या शंभर अँपिअरचा पुरता हिशेब कळला पाहिजे. त्यासाठी लागणारे शास्त्र दीडशे वर्षे जुने आहे आणि साधने तालुक्याला परवडणारी आहेत. ती आयटीआयच्या वर्गात आणून ठेवणे एवढेच बाकी आहे.